धागा ऐकत नाही तेव्हा: अडलेल्या विणकामात काय काय तपासायचं

चार ओळी विणायच्या, उसवायच्या, परत घालायच्या आणि शेवटी ‘माझा हातच बसत नाही’ म्हणून पिशवी माळ्यावर टाकायची. माझ्याकडे शनिवारी विणायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने हे कधी ना कधी केलंय. मला दर वेळी वाईट वाटतं, कारण पिशवी उघडून बघितली की हाताचा दोष क्वचितच निघतो. धागा, सुई आणि हवा या तिघांपैकी कुणाचं तरी कुणाशी पटलेलं नसतं. ते कोण, हे शोधता येतं. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सुई, लोकर आणि नमुना तिन्ही एकदम बदललं तर काम कदाचित पुढे जाईल, पण अडलं कशाने होतं ते कळणार नाही आणि पुढच्या स्वेटरला पुन्हा तेच.

हातात नक्की आहे काय?

सुरुवात इथून करा. पुण्यात तुळशीबागेतून किंवा रविवार पेठेतून सुटी लोकर वजनावर आणली की तिला लेबल नसतं.

“काका, ही खरी लोकर आहे ना?”

“एकदम वूलन ताई, बिनधास्त घ्या.”

काका फसवत नसतात. बाजारात विणायच्या सगळ्याच धाग्याला लोकर म्हणायची पद्धत आहे, मग तो मेंढीचा असो नाहीतर अॅक्रिलिक. पण विणताना दोघं वेगळे वागतात, धुताना त्याहून वेगळे. त्यामुळे घरी आल्यावर पहिलं काम धागा जाळून बघण्याचं. स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घ्या, खिडकी उघडी ठेवा, पंखा बंद करा. बोटभर धागा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीशी हळूच न्या. सुती धागा झटकन पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ करडी राख राहते. मेंढीची लोकर पेटायला कुरकुरते, ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि टोकाशी राहिलेली काळी गाठ बोटांनी चुरडली जाते. अॅक्रिलिक ज्योतीजवळ जाताच आक्रसतं, वितळत धुरकट जळतं आणि थंड झाल्यावर टोकाला टणक मणी राहतो, तो चुरडत नाही. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून हे लहान मुलांसमोर किंवा हातात धागा धरून करू नका. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा थोड्याथोड्या दिसतात: केसांचा वास येतो आणि टणक कणही लागतात.

हे कळलं की बऱ्याच तक्रारींचं उत्तर तिथेच मिळतं. सुती धाग्याला लवचिकपणा जवळजवळ नसतो. म्हणून सुती धाग्याने विणलेली दोन सुलट दोन उलटची पट्टी मनगटाला धरून राहत नाही, दोनदा घातली की सैल होते. ती तुम्ही सैल विणली म्हणून नव्हे. त्याच धाग्याने विणायचं असेल तर पट्टीसाठी दोन नंबर बारीक सुया घ्या, नाहीतर आतून इलॅस्टिकचा बारीक धागा ओवा. उलट मेंढीच्या लोकरीला लवचिकपणा असतो, त्यामुळे टाके थोडे कमीजास्त झाले तरी धुतल्यावर ती सांभाळून घेते. नव्याने शिकणाऱ्याला पांढऱ्या सुती धाग्यावर बसवणं मला म्हणूनच पटत नाही. प्रत्येक टाक्याचा फरक उघडा पडतो आणि हुरूप जातो.

आपल्याकडच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीबद्दल वेगळं सांगायला हवं. हल्ली तिचा हातकताईचा धागा हौसेने घेतला जातो आणि घ्यावाही. पण तो मेरिनो मेंढीच्या लोकरीसारखा मऊ होईल ही अपेक्षा चुकीची आहे. तिचा केस मुळातच जाड आणि राठ असतो. कंडिशनरमध्ये बुडवून वरवर गुळगुळीत लागेल, केसाची जाडी बदलणार नाही. घोंगडी विणणारे कारागीर तर ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देऊन तो आणखी कडक करून घेतात, कारण मागावर तसाच धागा लागतो. या लोकरीची बाळाची टोपी करू नका. आसन, पिशवी, भिंतीवरचं काम करा. तिथे ती अशी काही बसते की दुसरा धागा नको वाटतो.

सुईचा नंबर

हा घोळ मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलाय आणि तो दिसत नाही म्हणून जास्त छळतो. नमुना अमेरिकी, व्हिडिओवरून घेतलेला. त्यात ८ नंबरच्या सुया सांगितलेल्या. दुकानात जाऊन ‘८ नंबर द्या’ म्हटलं की काका ८ नंबर देतात. आपल्याकडे मात्र सुयांचे नंबर जुन्या इंग्लंडच्या पद्धतीने चालतात. त्यात ८ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकी ८ म्हणजे ५ मिलिमीटर. जाड लोकर त्या बारीक सुईवर घातली की टाके सुईला आवळून बसतात, टोक आत शिरत नाही, मनगट दुखतं, कापड पुठ्ठ्यासारखं होतं. बाई म्हणते, लोकरच वाईट आहे.

शिवाय दोन्ही पद्धती उलट्या दिशेने चालतात. आपल्याकडे नंबर वाढेल तशी सुई बारीक होते: १० नंबर ३.२५ मिलिमीटर, १२ नंबर २.७५. अमेरिकेत नंबर वाढेल तशी जाड: १० नंबर चक्क ६ मिलिमीटर. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर बोला. बऱ्याच सुयांच्या पाकिटावर किंवा सुईच्या बोंडावर तो आकडा असतो. आईच्या, आजीच्या जुन्या सुयांवर पुसला गेला असेल तर भोकं असलेली मापाची पट्टी मिळते, तिच्यातून सुई घालून बघा. क्रोशाच्या लेससाठी असतात त्या बारीक स्टीलच्या सुयांवरही नंबर असतात आणि तिथेही मोठा नंबर म्हणजे बारीक सुई, हे लक्षात असू द्या.

सुई बरोबर आहे की नाही याचा निकाल छोटा चौकोन विणूनच लागतो. १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि कडा सोडून मधले १० सेंटिमीटर मोजायचे. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण हिशेब बघा. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके हवेत आणि तुमचे २० भरतात. फरक दोनच टाक्यांचा. पण २०० टाक्यांचा घेर असेल तर ९१ सेंटिमीटरचा स्वेटर १०० सेंटिमीटरचा होतो. तो मग घरातला दुसराच कुणीतरी घालतो. कमी टाके भरले तर सुई बारीक करा, जास्त भरले तर जाड. हात मुद्दाम आवळून किंवा सैल सोडून माप जुळवायला जाऊ नका, दहा ओळींनंतर हात आपल्या मूळ चालीवर येतोच.

पुण्याची हवा

एप्रिलमध्ये झरझर चाललेलं काम जुलैत का अडतं, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात ऐकू येतो. धागे हवेतलं पाणी पितात आणि प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. मोजमापासाठी ठरवलेल्या ठरावीक तापमानाच्या आणि दमटपणाच्या हवेत मेंढीची लोकर वजनाच्या सुमारे १६ टक्के ओल धरते, कापूस सुमारे साडेआठ टक्के, अॅक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. पावसाळ्यात सुती धागा ओल घेऊन किंचित फुगतो, तळहात घामेजलेले असतात, आणि बांबूची किंवा लाकडाची सुई मुळातच धागा धरून ठेवणारी. तिन्ही एकत्र आले की टाका सरकत नाही आणि प्लास्टिकच्या सुईवर तर करकर आवाज येतो. जून ते सप्टेंबर धातूच्या सुया वापरा. बांबूच्याच हव्या असतील तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने टोकापासून दांड्यापर्यंत हलक्या हाताने घासा, पुसा, मग मेणकागद फिरवा आणि कोरड्या फडक्याने चांगली चोळा. सुईवर कुसळ राहिलं असेल तर ते आधी नखाला लागतं, नंतर धाग्याला. स्वस्तातल्या स्टीलच्या सुया आणि टाचण्या या दिवसांत गंजतात, म्हणून अर्धवट काम सुईवर ठेवून गावाला जाऊ नका. टाके जाड सुती दोऱ्यावर उतरवून ठेवा. भरतकामही रिंगमधून काढून ठेवा. गंजाचा डाग सहजासहजी निघत नाही.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत उलटा त्रास. दुपारची हवा खडखडीत कोरडी आणि अॅक्रिलिक ओल धरतच नाही, त्यामुळे त्यात वीज साठते. धागा अंगाला, ड्रेसला, पिशवीच्या प्लास्टिकला चिकटतो, तंतू उभे राहतात, टाका दिसत नाही. गुंडा प्लास्टिकच्या पिशवीतून काढून सुती पिशवीत किंवा भांड्यात ठेवा, जवळ ओला टॉवेल पसरा, पंख्याच्या थेट खाली बसू नका. हाताला थोडं क्रीम लावून ते पूर्ण मुरल्यावर विणायला बसलात तरी फरक पडतो.

धागा फुटतो, कापड तिरकं जातं

टाक्यात सुई घालताना पदर सुटे होऊन एखादा मागे राहतो, याला कारणं दोन. सुईचं टोक फार अणकुचीदार असेल तर ती टाक्याऐवजी धाग्यातच शिरते. अशा सैल पिळाच्या धाग्याला गोलसर टोकाची सुई घ्या. दुसरं कारण म्हणजे पीळ उलगडत जाणं. विणताना मनगट एकाच दिशेने फिरतं, त्यात पीळ हळूहळू वाढतो किंवा उतरतो. काम थांबवा, धागा गुंड्याजवळ चिमटीने पक्का करा आणि गुंडा अधांतरी लोंबकळू द्या. तो आपोआप गरगर फिरतो आणि पीळ मूळ जागी येतो. भरतकामात सुई लोंबकळू दिली की हेच होतं. भरतकामाचा धागा हातभरापेक्षा लांब घेऊ नका आणि सहा पदरांतून दोन हवे असतील तर एकेक पदर वेगळा ओढून मग दोन जुळवा. दोन एकदम ओढले की खालचे चार चुरगळून त्यांचा गोळा होतो.

चौकोन विणला आणि समांतरभुज झाला, कडा एका बाजूला झुकली, तर धागा एकपदरी आहे का ते बघा. एकाच दिशेने पिळलेला एकटा पदर उलगडायला बघतो आणि साध्या सुलट-उलट ओळींच्या कापडाला सोबत ओढून नेतो. पाण्यात ताणून वाळवलं तर चार दिवस सरळ राहील, पुढच्या धुण्याला परत तिरकं. दोन-तीन पदरी धागा घ्या, नाहीतर नमुना बदला. सगळ्या ओळी सुलट, किंवा एकाच ओळीत एक टाका सुलट एक टाका उलट आलटूनपालटून, असं विणलं की दोन्ही बाजूंचा ओढा सारखा होतो आणि कापड सरळ येतं.

धागा पुन्हापुन्हा तुटतच असेल आणि तो मेंढीचा असेल, तर गुंडा उलगडून उजेडात बघा. कसर लागलेली असू शकते. कुरतडलेल्या जागी धागा एकदम बारीक होतो. कापूस आणि अॅक्रिलिक त्या किड्यांना सहसा नको असतं, त्यांना लोकर हवी असते. गुंडा पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उन्हात झटका. बाकीच्या लोकरीजवळ तोवर ठेवू नका.

वेल्वेट यार्नबद्दल, म्हणजे मखमलीसारख्या केसाळ धाग्याबद्दल, थोडक्यात. खेळण्यांसाठी ते सध्या सगळ्यांना हवं असतं, पण त्यात टाका डोळ्यांना दिसतच नाही, बोटाने चाचपून मोजावा लागतो. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात रंगीत दोरा अडकवा. आणि ते एकदा-दोनदाच उसवता येतं, नंतर त्याचे केस गळून आतली दोरी उघडी पडते. पहिलं बाहुलं त्यात करू नये असंच माझं मत आहे.

धुतल्यावर बिघडलं

विणून झालं तेव्हा बरोबर होतं आणि धुतल्यावर लोंबलं, असं होतं तेव्हा बहुधा मशीनमध्ये धुता येणारी मेरिनो असते. तिच्या केसावरचे खवले प्रक्रियेने काढलेले किंवा झाकलेले असतात, म्हणून ती आटत नाही. पण त्याच खवल्यांमुळे केस एकमेकांना धरतात, ती पकडही गेलेली असते. ओली असताना ती पसरते. ओलं वजन खाली लोंबू न देता आडवी वाळवा. न धुतलेल्या चौकोनावर विश्वास ठेवून माप काढलं असेल तर इथेच फसगत होते.

अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. उष्णतेने त्याचा जीव जातो, कापड लुळं आणि चकचकीत होतं आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. वाफ द्यायचीच तर इस्त्री वर अधांतरी धरून, आधी चौकोनावर करून बघून.

रंग जाणाऱ्या सुती धाग्यासाठी घराघरात मिठाच्या पाण्याचा उपाय सांगतात, कुणी व्हिनेगर सांगतं. आधीच रंगवून आलेल्या सुती धाग्याचा रंग या दोहोंनी पक्का होत नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमाच्या काही रंगांना होतो, सुताला नाही. विणण्याआधी लाल, काळ्या, गडद निळ्या धाग्याचं टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबा. डाग आला तर पूर्ण लडी थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत, खळखळून घ्या. तरीही रंग सुटतच राहिला तर तो धागा पांढऱ्याशेजारी वापरू नका. एकाच रंगाचे गुंडे घेताना लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर, एक आहे ना बघा. नसेल तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या अशा विणा, फरक मिसळून जातो.

धुतल्यावर लोकर राठ, चिकट लागत असेल तर पाणी तपासा. वाघोली-उंड्रीकडे जिथे टँकर आणि बोअरवर भागवावं लागतं, तिथल्या जड पाण्यात साबणाची साय होते आणि ती धाग्यात बसते. बाटलीत पाणी आणि साबणाचा कीस घालून हलवा: फेसाऐवजी पांढुरका गढूळपणा आला तर पाणी जड आहे. वडीचा साबण सोडून द्या, लोकरीसाठीचं लिक्विड घ्या आणि शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्यात, बादलीला चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून करा.

गोधडी

हे विणकाम नाही, पण तक्रार तीच, म्हणून सांगते: सुई आत जात नाही. जुन्या सुती साड्यांच्या गोधडीत ती लोण्यासारखी जाते, कारण कित्येक धुण्यांनी सूत मऊ आणि विरळ झालेलं असतं. आता घरात जुन्या साड्या सिंथेटिक असतात. त्यांची वीण घट्ट, सुई घसरते आणि थरही एकमेकांवरून सरकतात. वर-खाली सुती ठेवून मधे सिंथेटिकचा एखादाच थर द्या, दर वीतभर अंतरावर आधी कच्चा टाका घाला. अस्तराला नवं कापड घेतलं असेल तर आधी धुऊनच घ्या. त्याची खळ जाते, म्हणजे सुई चालते, आणि ते आटायचं तेवढं आटून घेतं. न धुता लावलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, साडी आटत नाही आणि गोधडीभर चुण्या पडतात. दोऱ्याला मेण लावा, बोटात अंगुस्तान घाला, आणि धावदोरा ओढून घेताना कापड सपाट राहतंय ना ते दर चार टाक्यांनी हाताने दाबून बघा.

उसवलेली लोकर

एवढं करूनही काही धागे काही कामांना नाहीच जमत. मग उसवावं आणि धागा दुसऱ्या कामाला ठेवावा. उसवताना गुंडा करू नका, खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. मेंढीच्या लोकरीचे वळसे जवळजवळ पूर्ण जातात. अॅक्रिलिकचे थोडे राहतात, ते विणल्यावर दिसत नाहीत. वाळलेल्या लडीचा गुंडा करताना दोन-तीन बोटं आत धरून गुंडाळा आणि मधूनमधून बोटं काढून जागा बदला, म्हणजे गुंडा सैल राहतो. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेलीच राहते, तशीच विणली जाते, आणि पहिल्या धुण्यात मूळ लांबीवर येते. तेव्हा स्वेटर आखूड होतो.